ओढ्याकाठची झोप

*धुकं उठायला तयार नव्हतं तो दिवस*
*(तारीख सुनेनं घातली : ६ फेब्रुवारी)*

भिंगरे,

असशील तिथं बूड टेकव आणि मग वाच. उभ्या उभ्या वाचायचं पत्र नाही हे.

बोलतेय मी, लिहितेय तुझी काकू. तिला बजावलंय, तोंडातून पडेल ते सगळं कागदावर पडलं पाहिजे. अक्षर कळत नसलं तरी डोळे आहेत मला. मी लांबलचक बोलले आणि ओळ तोकडी दिसली, की समजायचं सूनबाईंनी गाळलं. (मी काही गाळत नाही गं. – काकू) हे बघ, आत्ता मी काहीच बोलले नव्हते, तरी पेन चाललं.

तर तुला मातीच्या कचेरीत नोकरी लागली. शेतकऱ्यानं माती वाहून जाऊ दिली नाही, काठावर गवत राखलं, की सरकार त्याला अनुदान देतं, असं तू लिहिलंस. मी ते परत परत वाचून घेतलं. म्हणजे जमिनीला काही न करण्याचे पैसे! मग तुझे आजोबा सरकारवर फार उपकार करून गेले म्हणायचे. बिचारे न मागताच गेले.

माझं नाव मात्र घाल. घरामागं उतार, उताराच्या पायथ्याला आपला पट्टा, पट्ट्यापलीकडं ओढा. सगळं आठवतं ना, की कचेरीत बसून विसरलीस? उतारावर तुझा काका पेरतो. पट्ट्यात कुणी काही करत नाही. तुझा काका पाळण्यात होता तेव्हापासून तिथं नांगर फिरलेला नाही. गवत कमरेइतकं झालंय. सकाळी धुकं ओढ्यातून वर येतं आणि त्या गवतात बसून राहतं, जावयासारखं. उठ म्हणायची सोय नाही.

ओढ्याकाठचा तो धुण्याचा दगड मात्र खचत चाललाय. पूर्वी त्यावर चढायचं तर कुणाचा तरी हात लागायचा. त्याला एक पायरीसुद्धा होती बहुतेक. का ती मी स्वप्नात पाहिली, कोण जाणे. आता नुसतं पाऊल उचललं की वर. म्हातारा झाला, बसतोय हळूहळू. मीही बसते त्याच्याशेजारी. दोघं मिळून खचतो.

तिथं दुपारी डोळा लागतो आणि मला एकच स्वप्न पडतं. वरच्या उतारावरून तपकिरी मेंढरं खाली येतात. घंटा नाही, आवाज नाही. माझ्या गवतात शिरतात आणि पलीकडून बाहेर पडत नाहीत. कुणाची आहेत माहीत नाही. आपण तर मेंढरं कधी पाळली नाहीत.

पट्टा का नांगरला नाही, असं विचारशील. टिटवी अंडी घालते तिथं. म्हणून.

सरकार मला काय देईल ते विचार, मागचं सगळं धरून. शेजारच्या मिशीवाल्यानं म्हणे अर्ज केलाय. त्याचा नांगर ओढ्यात पोहायचा तेवढा राहिला होता, आणि आता तो काठावर गवत लावणार! त्याच्या आधी माझं बघ.

काकाला म्हटलं, भिंगरीला काय निरोप देऊ? 'ठीक' म्हणाला. एवढं बोलून दमला, म्हणून झोपायला गेला.

खाली जो अंगठ्याचा निळा डाग आहे, ती मी.
आजी

*१५ फेब्रुवारी*

आजी, आणि आजीच्या आड बसलेली काकू,

बूड टेकवून वाचलं. माझी खोली शिंप्याच्या दुकानावर आहे. खाली मशीन चालू झालं की माझ्या खाटेचे पाय थरथरतात. मला वाटतं, खाट मला घेऊन कुठंतरी निघालीय. त्यामुळे बूड टेकवलं तरी प्रवास चालूच असतो. नाव भिंगरी ठेवलंत, भोगा.

कचेरीत माझ्या टेबलामागं एक लांब फळी आहे. तिच्यावर काचेच्या बरण्या, आणि प्रत्येक बरणीत कुठल्या ना कुठल्या शेतातली माती पाण्यात घालून ठेवलेली. सकाळी उन्हं आत आली की सगळ्या बरण्या पेटतात; लाल, पिवळ्या, काळ्या. मी काम करायचं सोडून बघत बसते.

तुझा प्रश्न मोठ्या बाईंना विचारला. मोठ्या बाई म्हणजे आमच्या साहेब. त्या म्हणाल्या, अनुदान बदलासाठी असतं. जमीन आधी नांगराखाली हवी. शेतकऱ्यानं ती नांगराखालून काढून गवताला दिली, तर त्याचं जे पीक बुडतं त्याची भरपाई म्हणून मदत. जी जमीन कधी नांगरलीच नाही, तिथं बुडलं काय?

मी म्हटलं, पण बाई, तिनं आधीपासूनच चांगलं केलंय!

बाई म्हणाल्या, नियमाला सुधारलेला माणूस दिसतो. मुळात बरा असलेला दिसत नाही.

तेव्हा आजी, मिशीवाल्याला मिळेल आणि तुला नाही. मी दिवसभर फुगून बसले होते. शेवटी बाईंनीच चहा आणून दिला.

तुझी मेंढरं फार आवडली. टिटवी मात्र मला आठवत नाही. मी लहानपणी तो पट्टा रांगत पालथा घातलाय, एक अंडं सापडलं नव्हतं. खरं कारण सांग बघू.

काकांना 'ठीक' सांग.

भिंगरी

*मिशीवाल्याच्या पाटीचा दिवस*
*(काकू म्हणते, १ मार्च)*

भिंगरे,

तुझं पत्र काकूनं जेवताना वाचलं. नियमाचं आलं तेव्हा तुझ्या काकाचा घास हातातच राहिला. मला वाटलं, खडा लागला. खडा नव्हता, नियमच दाताखाली आला होता.

आज मिशीवाल्याच्या बांधावर पाटी लागली. हिरवी आहे, वर पांढरी अक्षरं. काकूनं वाचून दाखवली, 'मातीचा राखणदार'. मला वाचता येत नाही ते बरंच, म्हणजे रोज जाता येता तेवढं ऐकावं लागणार नाही. पाटीशेजारी उभा राहून त्यानं फोटो काढून घेतला. फोटोआधी मिशी विंचरली. रोपं आहेत वीतभर, मिशी त्यांच्यापेक्षा दाट.

तुझा काका तेव्हापासून बांधावर जाऊन पाटीकडं बघत उभा राहतो. मला त्याची दया येते. अनुदान राहू दे एकीकडं, त्याला पाटी हवीय. कधी कुणी शाबास म्हटलेलं नाही त्याला. मीसुद्धा नाही. आमच्या घरात कौतुक मीठ वाढल्यासारखं वाढतात. काल जेवताना तो एवढं बोलला, की मी त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. म्हणाला, 'ज्यानं ओढ्यापर्यंत ओरबाडलं तो राखणदार, आणि आपण कोण?' मी म्हटलं, आपण शेजारी. त्याला हसू आलं नाही.

आज सकाळी तो ट्रॅक्टरवाल्याशी बोलत उभा होता. लांबून दिसलं, ऐकू नाही आलं.

तुला एक विचारायचंय. समज, कुणाचं असं जुनं गवत उलथलं, तर परत यायला किती काळ लागतो? कुणाचं ते विचारू नकोस. म्हातारीला नसत्या चौकशा असतात.

आणि खरं कारण म्हणशील तर बैल. आपला काळा बैल त्या पट्ट्याच्या कडेला आला की अडायचा. मारलं तरी पाऊल आत टाकायचा नाही. मग कोण नांगरणार?

काल मेंढरं गवताच्या कडेला येऊन थांबली. आत शिरेनात. माझ्याकडं बघत राहिली. जागी झाले तर अंगावर ऊन होतं आणि हात गार.

डाग जरा फिका आहे, शाई संपत आलीय.
आजी

*१० मार्च*

लाडके आजी,

हे पत्र मी खुर्चीवर बसून लिहितेय. स्वतःच्या! इतके दिवस जो रजेवर असेल त्याच्या खुर्चीवर बसत होते. ही मागं टेकलं की किरकिरते, म्हणजे मी झोपले तर सगळ्या कचेरीला कळणार.

पहिल्यांदा पाहणीलाही जाऊन आले. बूट कुणाचे तरी, दोन्ही डाव्या पायाचे असावेत असे. एका टेकडीवर शेतकऱ्यानं उतारावर आडव्या गवताच्या ओळी लावल्यात. खालून बघितलं तर टेकडीनं डोकं विंचरल्यासारखं दिसतं. मी तिथं उभी होते आणि मला आपला उतार आठवला. काका वरपासून खालपर्यंत एका रेघेत नांगरतात, किती सरळ! लहानपणी मला वाटायचं, वर उभं राहून चेंडू सोडला तर त्या नांगराच्या तासातून थेट ओढ्यात जाईल. जायचाही.

तुझ्या चौकशीचं उत्तर. मिशीवाल्याच्या रोपांची काळजी लागलीय ना? कबूल कर, मनानं फार मऊ आहेस. काळजी नको. मुळं थोडी जरी जमिनीत असली तरी दोन वर्षांत गवत परत येतं, हिरवंगार. उलथलं होतं हे कुणाला कळायचंसुद्धा नाही.

बैलाचं कारण टिटवीपेक्षा बरं आहे. पण माझा विश्वास नाही.

भिंगरी

*१७ मार्च*

भिंगरी,

हे पत्र माझं आहे. सासूबाई ओढ्याकडे गेल्यात, हे शेतावर आहेत. दुकानात जाऊन तुला फोन केला असता, पण त्या दुकानात तराजूसुद्धा कान देऊन ऐकतो.

तुझे काका पट्टा नांगरणार आहेत. आता नांगरायचा, मग ही जमीन नांगराखाली आहे असं दाखवायचं, आणि तिच्यावर गवत लावतो म्हणून अर्ज करायचा. ट्रॅक्टरवाल्याचं बटाट्याचं काम संपलं की तो इकडे येणार.

रागावू नकोस, पण नियम त्यांना तुझ्या पहिल्या पत्रानं कळला आणि धीर दुसऱ्या पत्रानं आला. 'दोन वर्षांत परत येतंय ना, मग आईचं काय जातं?' असं म्हणाले. वाईट मनानं नाही म्हणाले. खरंच तसं वाटतंय त्यांना.

सासूबाईंना ठाऊक आहे. मी म्हटलं, तुम्ही एक शब्द बोललात तर ते ऐकतील. म्हणाल्या, 'शेत त्याच्या हाती दिलं तेव्हा मी पट्टा वगळून दिला नव्हता. आता मधेच हात घालून काढून घेऊ?' मग माझ्या हातातलं लाटणं घेतलं आणि उगाचच धुवायला लागल्या. ते धुतलेलंच होतं.

रोज दुपारी जातात तिथं. पूर्वीपेक्षा उशिरा परत येतात.

मी तुला लिहिलं हे त्यांना सांगू नकोस. नाहीतर मला म्हणतील, पेनाला पाय फुटले.

काकू

*२१ मार्च*

काकू,

हे पत्र जेवताना वाच, तिघं बसलेले असताना. पहिलं तसंच वाचलं होतंस ना.

काका, मी चुकीचं लिहिलं. खोटं नव्हतं, अर्धं होतं. वरचं पातं दोन वर्षांत येतं. पण ज्याच्या जोरावर तो पट्टा उभा आहे ते सगळं खाली आहे. आजीच्या पट्ट्यातली मुळं म्हणजे विणलेलं कापड आहे. एक धागा ओढला की पुढच्या पुरात सगळं उसवत ओढ्यात जाईल. मी ते लिहायला हवं होतं. मी नव्या खुर्चीच्या नादात होते.

दुसरं. मी मोठ्या बाईंना विचारलं, जुनं गवत नांगरून कुणी अर्ज केला तर? मला वाटलं, त्या म्हणतील, पकडलं जाईल. त्या म्हणाल्या, 'कागदावर बसेल.' म्हणजे काका, मी तुम्हाला भीती दाखवू शकत नाही. आपल्या घरची पाहणी मला करता येत नाही. जो येईल त्याला नांगरलेली जमीन दिसेल आणि तो तसं लिहील. तुम्हाला अनुदान मिळेल, पाटी मिळेल, तिच्यावर राखणदार लिहिलेलं असेल.

फक्त नांगरायच्या आधी एक करा. त्या धुण्याच्या दगडापाशी जाऊन बसा. लहानपणी तुम्ही त्याच्यावरून उडी मारायचात आणि तोंडावर पडायचात, तुम्हीच मला सांगितलंय. आता मारून बघा. पाय जमिनीवरच असतील.

आजी म्हणते दगड खचला. दगड खचत नाहीत, काका.

मला शनिवारी निघता येईल असं वाटलं होतं, पण रजा मिळाली नाही. माझी खाट रोज मला घेऊन निघते आणि इथंच सोडते.

भिंगरी

*ट्रॅक्टर आला त्याच्या दुसऱ्या दिवशी*
*(२९ मार्च. तारीख काकूनं दोनदा खोडून लिहिली, मी पाहिलं.)*

भिंगरे,

आधी एक सांगते, म्हणजे तुझ्या कानावर भलतं जायला नको. गावात म्हणतायत, म्हातारी ट्रॅक्टरसमोर आडवी पडली. मिशीवाला तर म्हणतो, त्यानं मला घोषणा देताना ऐकलं. मी झोपले होते गं. खरीखुरी झोप. झोपेत घोरण्याला तो घोषणा म्हणत असेल तर त्याचं चालू दे.

तुझं पत्र काकूनं जेवताना वाचलं. तुझा काका ताटावरून उठला, हात धुतला, बाहेर गेला. दगडाचं तू काय म्हणत होतीस ते मला कळलं नाही. त्याला कळलं की नाही, तेही कळलं नाही. पेनाला पाय फुटलेले मात्र कळले. (सासूबाई, मी माफी मागितली आहे. – काकू) मागितली आहे, दिली नाही अजून.

काल दुपारी ट्रॅक्टर यायचा होता. मी नेहमीसारखी जेवून निघाले. बोलायचं नाही हे ठरवलंच होतं. शेवटचं बघून यावं, एवढंच मनात. दगडाशेजारी बसले. ऊन असं की पायांवर कुणी पांघरूण घालावं. गवतात वाऱ्याची एक वाट पडत होती, बुजत होती, परत पडत होती. ओढ्यावरचा एक चतुर उडत येऊन माझ्या गुडघ्यावर बसला. मी म्हटलं, बस बाबा, तुझंही आज शेवटचंच. आणि गेले की मी. कुठं गेले ते झोपेला ठाऊक.

मेंढरं आली. पण या खेपेला आवाज करत आली. त्यांच्यात एक मोठं धूड होतं, लाल, डिझेलचा वास मारणारं. ते पार माझ्या कानाशी आलं, घुरघुरलं आणि थांबलं. सगळं शांत झालं. मला वाटलं, पाणी पीत असेल. पिऊ दे म्हटलं आणि कूस बदलली.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. डोळे उघडले तर पट्ट्याच्या कडेला ट्रॅक्टर उभा, गप्प. ट्रॅक्टरवाला त्याच्या सावलीत टोपी तोंडावर घेऊन पसरलेला. आणि तुझा काका माझ्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर पालथा पडून, दंडापर्यंत हात मातीत घालून चाचपत होता. दगडाच्या कडेनं त्यानं हातानंच खणलं होतं. नखं बघवत नव्हती.

म्हटलं, 'काय हरवलं रे?'

'पायरी,' म्हणाला.

भिंगरे, होती गं पायरी. स्वप्न नव्हतं. तुझ्या आजोबांनी छिन्नीनं कोरलेली, माझ्या पायाच्या मापाची. मी बुटकी, धुणं घेऊन दगडावर चढायला जमायचं नाही म्हणून. ती जशीच्या तशी खाली होती, मातीनं झाकलेली. कोपरासुद्धा झिजला नव्हता.

काकानं मूठभर माती वर काढली. वास घेतला. मान वळवून उताराकडं बघितलं, मग मुठीकडं. म्हणाला, 'आई, ही आपल्या वरच्या शेताची आहे. मी दर वर्षी विचार करतो, वर दगड का वाढतायत. दगड वाढत नव्हते. माती इथं येऊन बसलीय. सगळी.'

इतकी वर्षं मेंढरं कुणाची म्हणून विचारत होते. आमचीच होती.

मग मी विचारलं, 'ट्रॅक्टर कधीचा आलाय? मला उठवलं का नाहीस?'

तो म्हणाला, 'तू झोपली होतीस.'

आता काकूनं लिहायचं थांबवलंय आणि मी पुढं काय बोलते म्हणून बघतेय. लिही गं. हे खरं कारण आहे, भिंगरीनं मागितलेलं.

तुझा काका तान्हा होता. रात्रंदिवस रडायचा. आता बोलत नाही, कारण तेव्हाच सगळं बोलून घेतलंन. माझा डोळ्याला डोळा लागत नव्हता. एक दिवस त्याला घेऊन ओढ्यावर गेले, गवतात टेकले, आणि दोघांनाही झोप लागली. तेव्हा तो पट्टाही नांगरला जायचा. तुझे आजोबा बैल घेऊन वरून तास घालत घालत आले, आणि आम्ही वाटेत. त्यांनी बैल सोडले. बसून राहिले. मी जागी झाले तेव्हा उन्हं अशीच कलली होती. म्हटलं, उठवलं का नाहीत? तर म्हणाले, 'झोपली होतीस.'

एवढंच. पट्टा त्या साली राहिला. पुढच्या साली त्या कडेला आल्यावर बैलच थांबले, सवयीनं. मग टिटवी आली. म्हणजे मी तुला खोटं काही सांगितलं नव्हतं, फक्त उलट्या टोकानं सांगत होते. माती राखायची म्हणून कुणी काही केलं नाही. एक बाई दमली होती आणि एका माणसानं तिला झोपू दिलं.

ट्रॅक्टरवाल्याला चहा पाजून परत पाठवलं. तो म्हणाला, अशी मजुरी रोज मिळावी.

आता काका म्हणतोय, पट्ट्यातले गवताचे ठोंब काढून उतारावर आडव्या ओळी लावायच्या, तू टेकडीची सांगितलीस तशा. उतार तर नांगराखाली आहेच, कधीपासून. तुझ्या मोठ्या बाईंना विचार, हे बसतं का. कागदावर नको, जमिनीवर बसतं का.

काकू नाक पुसतेय. पत्रावर डाग पडला तर तो माझा नाही.

आजी

*६ एप्रिल*

आजी,

तुझं पत्र मी कचेरीत वाचलं. खुर्ची इतकी किरकिरली, की मोठ्या बाई उठून आल्या. त्यांनाही वाचायला दिलं. त्या माझ्या टेबलाच्या कडेला टेकून वाचत होत्या आणि मागं बरण्या पेटल्या होत्या.

उतार बसतो. जमिनीवरही आणि कागदावरही. त्या म्हणाल्या, आडव्या ओळी पाहणीच्या आधी लावल्या तरी चालेल, पण आधी अर्ज इथं पोचू दे. अर्ज सोबत धाडलाय, काकांची सही लागेल. यंदाचं अनुदान मात्र वाटून झालंय, आपलं नाव पुढच्या खेपेला येईल. काकांना सांग, पाटीलाही उशीर होणार. पाहणीला दुसरे साहेब येतील. पट्ट्याला काहीच मिळणार नाही, तो नियम बदललेला नाही. बाईंनी वर लिहिते म्हटलंय. वर म्हणजे कुठं, ते त्यांनाही नीटसं माहीत नाही.

अर्जावर मी त्यांच्यासमोर माहिती भरत होते. बाईंनी विचारलं, शेतकऱ्याचा विचार कशानं बदलला? मी म्हटलं, त्यांची आई झोपली होती. बाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, 'याला रकाना नाही गं आपल्याकडे.'

मला रजा मिळाली. या महिन्याअखेरीस येतेय, पाहणीला नव्हे, अशीच. काय आणू?

भिंगरी

*ठोंब लावून झाले तो दिवस*
*(१९ एप्रिल)*

भिंगरे,

काही आणू नकोस. तुझ्या त्या बरण्यांतली एखादी रिकामी झाली तर आण, मला काकूचं तोंड झाकून ठेवायचंय. (लिहिलं. – काकू)

आज आम्ही ओढ्याकाठी बसून लिहितोय. कागद दगडावर ठेवलाय आणि माझा पाय पायरीवर. काकानं पायरीपुरती माती मोकळी केली. जी निघाली ती घमेल्यातून वर उतारावर नेऊन घातली. थोडीच निघाली, पण मेंढरं घरी पोचवल्यासारखं मला वाटलं. अर्ज आला त्याच दिवशी सही करून धाडला, एव्हाना पोचला असेल. परवा पाऊस पडून गेला होता, माती हाताला लागत होती, तेवढ्यात ओळी लावून घेतल्या. सरळ नाहीत. वाकड्या, उताराच्या अंगानं. तुझ्या काकाला सरळ रेघ सोडवत नव्हती, तोंड आंबट करून लावत होता. आता वर उभं राहून बघत बसतो. चेंडू सोडून बघितलान काल! कुणी बघत नाही असं वाटलं त्याला. चेंडू दुसऱ्या ओळीत अडकला.

मी म्हटलं, 'शाबास.'

तो म्हणाला, 'कुणाला, चेंडूला?'

हसला मग. मीच केवढी दचकले.

मिशीवाला आला होता. त्याची रोपं करपली. आपले ठोंब मागत होता. काकानं दिले, पोतंभर. पाटीकडं मात्र एकदा बघितलं. मिशी खाली आली होती. त्याचीही जगतील. गवताला पाटी वाचता येत नाही, माझ्यासारखंच.

आपली पाटी येईल तेव्हा येईल. उतारावर लावा म्हटलं, वरती. इथं पट्ट्यात नको. इथं काही लिहिलेलं नको मला.

ऊन छान आलंय बघ. धुकं आत्ता कुठं उठून गेलं, गवत अजून ओलं आहे पण दगड तापलाय. पाठ टेकली की आत शिरतं ते ऊन. तू येशील ना, तेव्हा दुपारची ये. घरात शोधत बसू नकोस. मी इथंच असेन, आणि असले की तू हळूच

(भिंगरी, पुढचं वाक्य अजून आलेलं नाही. थोडी वाट बघितली. सासूबाई झोपल्यात, तोंड जरा उघडं आहे आणि घोषणा चालू आहेत. तुझे काका पलीकडे घमेलं पालथं घालून बसलेत. मी खुणेनं विचारलं, उठवू का? त्यांनी मान हलवली.

म्हणून पत्र असंच पाठवते. या खेपेला खाली निळा डाग नाही. अंगठा घ्यायचा तर हात उचलावा लागेल, आणि त्या झोपल्या आहेत. – काकू)